शेत मोजलं अन् रस्ता इसरला

भास्कर,

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट आली आणि तू जोडून दिलेलं कॉम्प्युटरचं खोकं आपोआप चालू झालं. मी बटणाला हात लावला नव्हता. स्क्रीनच्या पाठीमागं निळा ठिपका पेटला, आतला पंखा एकदा जोरात फिरून मंदावला आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. घरात मी एकटा होतो. मी त्या खोक्याला मोठ्यानं शिवी दिली. शिवी तुला होती.

तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. मांडवात एकजण माईक हातात धरून म्हणाला, "भास्करराव म्हणजे अजातशत्रू माणूस. उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून माईक हिसकावून घ्यावा असं वाटलं. वाद घातला नाही? मग माझ्याशी सव्वीस वर्षं काय करत होतास? मेमरीची पट्टी एक घ्यायची की दोन, यावरून जो माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तो अजातशत्रू? मेल्यावर लोक माणसाला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. तू तसा नव्हतास. तुझ्या शर्टाला कायम सोल्डरचा वास यायचा आणि तोंडाला धार होती.

मांडवात बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितो. मापात लिहीन. मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे तूच सगळ्यांना सांगायचास.

माझा जुना कॉम्प्युटर दसऱ्याच्या आठवड्यात बंद पडला. मी भूमापन खात्यात शेतं मोजणारा माणूस. ऑफिसचं काम ऑफिसात राहतं, पण माझ्या स्वतःच्या टिपणवह्या घरी आहेत. कुठल्या बांधावर कुठलं लिंबाचं झाड, कुठला दगड कधी हलला, कुठली विहीर कागदावर एकाची आणि ताब्यात दुसऱ्याची. त्या वह्या स्कॅन करून नीट लावून ठेवायच्या, एवढंच मला करायचं होतं. गेवराईच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तुझ्या दुकानात आलो आणि म्हणालो, "एक तयार कॉम्प्युटर दे. आणला, लावला, चालू झाला, असा."

तू स्टुलावरून उठला नाहीस. म्हणालास, "पँट शिंप्याकडून शिवून घेतोस, अन् यंत्र मात्र दुसऱ्याच्या मापाचं?" मग वरच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचा डबा काढून माझ्या हातात दिलास. आत काळं खोकं. मी खिशातली टेप काढली. साडेअकरा सेंटीमीटर लांब, तेवढंच रुंद, पाच उंच. पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स याच्यापेक्षा मोठा असतो.

"ह्याच्यात काय काय हाय?"

"बोर्ड हाय, प्रोसेसर हाय, पंखा हाय. मेमरी न्हाई, साठवण न्हाई, विंडोज न्हाई. बेअरबोन म्हणत्यात ह्याला. नुस्ती हाडं."

"म्हणजे रिकामं खोकं विकतोस."

"रिकामं न्हाई बे, मोकळं. आत काय घालायचं ते आपुन ठरवायचं. तुझ्या घरात आजपर्यंत असं कायी आलंय का, जे तू ठरवलंस?"

मी दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर सतरा प्रश्न लिहून आणले. इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल, जुना प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही एकाच वेळी जोडता येतील का, दोन स्क्रीन लावता येतील का, धूळ आत गेली तर उघडता येईल का. तू नऊ प्रश्नांची सरळ उत्तरं दिलीस, पाच ऐकून हसलास आणि तीन प्रश्नांना म्हणालास, "तुझ्या बापाला इचार." माझ्याजवळ तो कागद अजून आहे. तुझी उत्तरं मी समोर लिहून घेतली होती, बापाचीसुद्धा.

हे तुझं देणं मी नाकारत नाही. खोक्यातलं एकेक अंग तू मला हातात देऊन शिकवलंस. जलद प्रोसेसरचं मॉडेल मी मागत होतो, ते तू दिलं नाहीस. "तू नकाशे काढणार, पिच्चर न्हाई. एवढ्याशा खोक्यात मोठ्या प्रोसेसरला घाम फुटतो, मग पंखा बोंबलत बसतो." जुना डबा दीडशे वॅट खायचा. हे खोकं माझ्या कामात चौदा ते अठराच्या मध्ये राहतं. मी मीटर लावून आठवडाभर पाहिलं. तू पंधरा म्हणाला होतास. तुझं बरोबर होतं, हे तुला सांगायचं राहिलं. मुद्दामच राहिलं. तू डोक्यावर बसला असतास.

मेमरीवरून मात्र तू चुकीच्या पद्धतीनं जिंकलास, असं माझं अजूनही म्हणणं आहे. माझं म्हणणं, सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खाच मोकळी ठेवावी, पुढं लागली तर वाढवता येईल. तुझं म्हणणं, आठ-आठची जोडी. मी कारण विचारलं तर म्हणालास, "एका बैलानं नांगर चालतो का बे?" हे काय कारण झालं? मी आकडा मागितला. तू फोन कट केलास. दोन दिवस बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी जोडी आणि दुकानातलं एक चालू खोकं घेऊन घरी आलास, त्यात आधी एकच पट्टी घालून माझा मोठा नकाशा उघडून दाखवलास, मग दोन घालून. एकीवर अकरा सेकंद, जोडीवर सात. घड्याळ मीच लावलं होतं. तू नुसता चहा मागितलास. तो चहा तू ज्या थाटात प्यालास, तो मला अजून झोंबतो. एकीची आठच होती आणि जोडीची सोळा. ही तुलना सरळ नव्हती भास्कर. मला ते तू गेल्यावर लक्षात आलं. आता कुणाशी भांडू?

जोडणीसाठी मी पलंगावर पांढरं धोतर अंथरलं होतं आणि स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी. खालच्या झाकणाचे चार स्क्रू, साठवणीच्या पट्टीचा एक. ही साठवणीची पट्टी बोटाएवढी, आणि तिला धरणारा स्क्रू तिळाएवढा. तो पडलाच. तू म्हणालास, "जाऊ दे, पट्टी बसलीय घट्ट." मी म्हणालो, "पाच होते, पाच लागतील." आपण दोघं पन्नाशीला आलेली माणसं गुडघ्यांवर बसून फरशीवर चुंबक फिरवत होतो. वीस मिनिटांनी स्क्रू माझ्या बनियनच्या घडीत सापडला. तू हसून लोळलास. "पुरावा आरोपीच्या अंगावरच!"

आणि मग तो कोनाडा.

बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी कोनाडा आहे. खोकं तिथं बसवायचं हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. कोनाड्याची खोली चौदा सेंटीमीटर. खोकं साडेअकरा. अडीच सेंटीमीटर शिल्लक, हवेला पुरे. मी पेन्सिलीनं खुणासुद्धा केल्या होत्या. तू खोकं आत ठेवलंस. बसलं. मग मागं स्क्रीनची वायर लावलीस, करंटची पिन लावलीस, आणि खोकं कोनाड्यातून चार बोटं बाहेर आलं. वायरीला वळायला जागाच नव्हती. मी खोकं मोजलं होतं, वायरीचं वळण मोजलं नव्हतं.

तू दोन पावलं मागं सरलास, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालास, "वा रे मोजणीदार! शेत मोजलं अन् रस्ता इसरला!"

मीही हसलो. मग पाहिलं तर तू हसायचा थांबला होतास. वाक्य तोंडातून गेल्यावर ते कुणाला लागलं, हे तुला कळलं. तुलाच लागलं होतं. तू पिशवीतून लोखंडी पट्टी काढलीस आणि खोकं स्क्रीनच्या पाठीला चार स्क्रूंनी लावून टाकलंस. वायरीला हवी तेवढी जागा मिळाली. "मागं मोकळं पाहिजे," एवढंच म्हणालास.

आता रस्त्याचं लिहितो. लोकांना माहीत आहे, पण कुणी तोंडानं बोलत नाही.

तुझी वस्ती शेतात. डांबरी सडकेपासून तुझ्या दारापर्यंत तीनशे चाळीस मीटर. पूर्वी तिथं गाडीवाट होती. तुझे वडील बैलगाडी आणायचे, मी स्वतः त्या गाडीत बसलोय. वाट तुझ्या चुलतभावाच्या, रामकिसनच्या शेतातून जाते. वाटण्या झाल्यावर दोन वर्षांपूर्वी रामकिसननं ती नांगरली आणि पेरली. उरला बांध, दोन फुटांचा. त्याच्यावरून तू मोटारसायकल काढायचास, मागं कॉम्प्युटरचे डबे बांधून, सर्कशीतल्या माणसासारखा.

मी तुला किती वेळा म्हणालो, मोजणीचा अर्ज कर. तुझं उत्तर ठरलेलं, "भावाच्या विरुद्ध कागद करणार न्हाई. नारायणगडाला दर्शनाला आमी दोघं भाऊ जोडीनं जातो. तिथं तोंड कसं दाखवू?" वर मलाच म्हणायचास, "तू असाच ये की एक दिवस. टेप घेऊन बांधावर नुस्ता हुबा राहा. तुझं ऐकतो तो. सायेब म्हणतो तुला."

मी काय म्हणायचो, ते लिहायला हात जड होतो. पण लिहितो. मी म्हणायचो, "अर्ज आल्याशिवाय मी मोजत नाही."

हे माझं तत्त्व. आज ओळखीखातर एकाच्या बांधावर उभा राहिलो, तर उद्या दुसऱ्याच्या नकाशावर कोण विश्वास ठेवणार? बरोबरच आहे ते. आजही बरोबर आहे. तू अर्ज करणार नाहीस, मी अर्जाशिवाय येणार नाही. दोन वर्षं आपण दोघं आपापल्या बरोबर असण्यावर बसून राहिलो, आणि मध्ये तीनशे चाळीस मीटर तूर वाढत राहिली.

खोकं चालू करायच्या दिवशीही तू एकदा विषय काढलास. आधी पडदा काळाच राहिला, तू झाकण पुन्हा उघडलंस, पट्ट्या अंगठ्यानं खट् असा आवाज येईपर्यंत दाबल्यास, मग चित्र आलं. विंडोज घालायच्या आधी तू यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरलास. तारीख चुकलेली होती ती दुरुस्त केलीस. मग एका ओळीवर थांबून म्हणालास, "हे बघ. लाईट जाऊन आली की यंत्रानं काय करायचं. बंद राहायचं का चालू व्हायचं. चालू करतो."

मी म्हणालो, "माझ्या घरात न विचारता काही चालू व्हायचं नाही."

"कावून? तू जातो शेतं मोजायला. लाईट दिवसातून चारदा जाती. मला दुकानातून नेटवरनं तुझ्या यंत्रात शिरून कायी नीट करायचं आसलं, तर ते चालू नको का? मला रस्ता नको का?"

पुन्हा तोच शब्द आला. या वेळी तू माझ्याकडं पाहत होतास. मी पडद्याकडं पाहत होतो. मी म्हणालो, "बरं, कर चालू." तेवढंच दिलं मी तुला.

मग तुझी ती परीक्षा. कुठलंही यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तू त्याच्यासमोर भिंतीतली वायर सात वेळा उपटायचास. सात वेळा उपटून सात वेळा उठलं, तरच ते आपल्या भागात टिकणार. चकलांब्यापासून माणसं तुझ्याकडं यंत्रं घेऊन यायची ती या सात झटक्यांसाठी. माझ्या घरीही तू वायर उपटलीस. एक. दोन. तीन. चौथ्या वेळी वाकलास आणि तसाच खाली बसलास. छातीवर तळहात. कपाळावर घाम.

"काय झालं बे?"

"पित्त हाय. सकाळी मिसळ हाणली."

"दवाखान्यात चल."

"सात होऊ दे आधी."

आणि तू सात केलेस, भास्कर! पाचवा, सहावा, सातवा. यंत्र सातही वेळा उठलं. पुढं आठवडाभर तू रोज दुकानातून माझ्या यंत्रात शिरून प्रोसेसर किती तापतोय ते पाहायचास आणि फोन करायचास. "अठ्ठावन्न हाय, झकास." "बासष्टवर गेलाय, खिडकी उघड." त्या खोक्याचा ताप तू सात दिवस मोजलास. स्वतःचा रक्तदाब एकदाही नाही. मी रोज विचारत होतो, तू रोज म्हणत होतास, सोमवारी जातो. कुठला सोमवार, ते सांगितलं नाहीस. मीही तारीख लिहून घेतली नाही. सतरा प्रश्न लिहून आणणारा माणूस मी, हा अठरावा प्रश्न कागदावर घेतला नाही.

मग तो शनिवार आला. अकरा वाजून पाच मिनिटांनी मंगलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांना लई घाम आलाय. आंबुलन्सला फोन केलाय." मी मोटारसायकल काढली. अकरा किलोमीटर. सडकेवर पोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्स येऊन उभी होती, मागचं दार उघडं. ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता कुठाय?" मी बोट दाखवलं. तो तुरीकडं पाहत राहिला.

बाजेवर टाकून तुला आणत होते. मला लांबून दिसत होतं. वस्तीवरची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली. चारच जण मिळाले, बदलायला पाचवा नाही. बांध दोन फुटांचा, बाज तीन फुटांची. म्हणजे बांधावरून कुणालाच चालता येईना. दोघं या बाजूच्या तुरीत, दोघं त्या बाजूच्या नुकत्या पाळी घातलेल्या ओल्या रानात, बाज मध्ये तिरपी. मी पळत गेलो. निम्मी वाट त्यांनी कापली होती. बाजेचा पुढचा डावा पाय रामकिसनच्या खांद्यावर होता. तो रडत होता आणि स्वतःच्या तुरीत अडखळत होता, पण बाज खाली टेकू देत नव्हता.

दारापासून सडकेपर्यंत चौदा मिनिटं लागली. मी नंतर चौघांनाही वेगवेगळं विचारलं आणि वहिनींच्या फोनवरच्या वेळा पाहिल्या. चौदाच.

ती चौदा मिनिटं वाचली असती तर तू वाचला असतास का? मला माहीत नाही. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. जे मोजता येत नाही ते मी लिहिणार नाही. पण चौदा मिनिटं ही चौदा मिनिटं आहेत, ती मोजली आहेत, आणि ती कुणाची तरी आहेत. थोडी रामकिसनची. थोडी तुझी, सोमवार सोमवार करणाऱ्याची. थोडी माझी. वाटणी करायला बसलो तर कुणाला किती, हे मला सांगता येत नाही, आणि उभं आयुष्य मी लोकांच्या वाटण्या मोजून दिल्यात.

आठ फूट जागा न देणारा माणूस खांदा द्यायला सगळ्यात पुढं होता. तेराव्याला तोच पंगतीत बुंदी वाढत फिरत होता. माझ्या पानाशी आला, "घ्या सायेब." मी पानावर हात आडवा धरला. तो पुढं गेला. मंगलवहिनींनी ते पाहिलं. जेवणं झाल्यावर मला चुलीमागं बोलावून म्हणाल्या, "त्याला कायी बोलू नका भाऊजी. ह्यांना आवडलं नसतं." मी म्हणालो, "भास्करला आवडत नव्हतं, म्हणूनच हे झालं." मग वहिनी घरात खाटेवर पडलेल्या तुझ्या आईकडं पाहून हळूच म्हणाल्या, "आता आत्याबाईंना कायी झालं तर? त्यांना कोण उचलणार? माणसं तर तोडीवरून उन्हाळ्यात येत्यात."

हा प्रश्न मी ऐकला आणि घरी आलो. शुक्रवारी ऑफिसला गेलो, शनिवारी घरात बसलो. तुझं खोकं समोर. त्याच्या पाठीमागं मोकळी जागा, वायरी ऐसपैस वळलेल्या.

रविवारी सकाळी मी टेप घेऊन तुझ्या बांधावर गेलो. खात्याचं यंत्र कपाटात होतं, ते आणलं नाही. घरची तीस मीटरची टेप आणली. हातात अर्ज नव्हता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

टेपला दुसरं टोक असतं, ते कुणीतरी धरावं लागतं. मी दगडाखाली टोक दाबून निघालो तर रामकिसन तुरीतून आला. डोक्याचं मुंडण, डोळे सुजलेले. मला वाटलं, भांडेल. मी तयारीतच होतो. तो म्हणाला, "अर्ज आलाय का सायेब?"

सांगतो भास्कर, थोबाडीत मारल्यासारखं झालं. टोमणा होता की साधा प्रश्न, मला अजून कळलेलं नाही.

"न्हाई आला," मी म्हणालो. "अर्ज करणारा गेला."

त्यानं वाकून दगड बाजूला केला आणि टेपचं टोक हातात घेतलं. मी आकडे लिहीत गेलो, तो टोक धरून पुढं सरकत गेला. तीनशे चाळीसला तीन सेंटीमीटर कमी. रुंदीला मी आठ फूट धरत होतो. सडकेकडून दोनशे मीटरवर जिथं वाट विहिरीला वळसा घालते, तिथं तो थांबला.

"हितं धा धरा."

"आठ पुरतात गाडीला."

"सरळ वाटंला पुरत्यात. हितं वळण हाय. आंबुलन्स हितं वळायची न्हाई आठात." टेप त्यानं स्वतःच ओढून दहाच्या आकड्यावर धरली. "सगळीकडंच धा धरा."

पुन्हा वळण. पुन्हा मी विसरलो होतो, आणि या वेळी कुणी दाखवून दिलं, तर त्यानं!

माझा संताप तिथं फुटला. मी म्हणालो, "तुला वळण ठावं होतं. फूट अन् फूट ठावं होतं. मग दोन वर्षं काय करत होतास रे?"

त्यानं टेपच्या पत्र्याकडं पाहत सांगितलं, "त्यो एकदा बी मागाया आला न्हाई सायेब. आमी वाट बघत होतो का त्यो येईल, भांडंल, शिव्या देईल. त्यो राम राम घालून बांधावरनं गाडी घेऊन जायचा. मंग मला बी वाटलं, त्याला नकोच आसंल."

त्याचं खरं धरू का खोटं, मला मोजता येत नाही. पण ऐकल्यावर मला त्याच्यापेक्षा तुझा राग जास्त आला. माझ्याशी मेमरीच्या पट्टीवरून दोन दिवस अबोला धरणारा तू, त्याच्याशी एकदा भांडला असतास! तिथं कसा अजातशत्रू झालास?

"तूर निघाली की सोडतो रस्ता," रामकिसन म्हणाला.

"किती दिवस?"

"दीड महिना धरा."

मी वस्तीकडं बोट केलं. "म्हातारी दीड महिना थांबती का, जाऊन इचारून ये."

त्यानं टेप माझ्या हातात दिली आणि निघून गेला. मी त्याला माफ केलेलं नाही. तेही इथं लिहून ठेवतो.

सोमवारी सकाळी सात वाजता मंगलवहिनींचा फोन. आधी मी दचकलो. "भाऊजी, रामकिसनभाऊजी फाटंपासून तूर कापत्यात. हिरवीच. सडकेपासून विहिरीपर्यंत मोकळं झालंय." मागं विळ्याचा आवाज येत होता.

आज मी रजा टाकली आणि नकाशा काढायला बसलो. तुझ्याच खोक्यावर. खाजगी नकाशा आहे, त्यावर खात्याचं नाव नाही, शिक्का नाही. उद्या मंगलवहिनी आणि रामकिसन दोघांच्या सह्या घेणार आहे. वाट पुन्हा कुणी नांगरली, तर तो कागद पुरावा म्हणून राहील, आणि रीतसर अर्जही वहिनींच्या नावानं होईल. वळणावरची रेघ ओढत होतो तेव्हा लाईट गेली. इन्व्हर्टर सकाळपासून चालून चालून संपला होता, पडदा काळा झाला. दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. पुढचं वर लिहिलंच आहे.

शिवी देऊन झाल्यावर मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्या सेटिंगमध्ये शिरलो. तू शिकवलेलं, चालू होताना बटण दाबून धरायचं. ती ओळ सापडली. "बंद" करायला एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं. बाहेर आलो. नकाशा उघडला, शेवटची रेघ तेवढी गेली होती. ती पुन्हा ओढली. दहा फूट.

आपल्या भांडणाचा निकाल लागला, भास्कर. तू अर्ज केला नाहीस आणि मी अर्जाशिवाय मोजलं. तू म्हणत होतास तसंच झालं, टेप घेऊन नुसता बांधावर उभा राहिलो आणि त्यानं ऐकलं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारचं काम होतं. मी हरलो. एकीवर अकरा, जोडीवर सात, असं समोर घड्याळ लावून हरलो. कबूल करतो, सही करून देतो.

पण हरलेल्या माणसासमोर जिंकलेला माणूस बसलेला नको का बे? चहा मागायला?